संगणकाची कवायत

घराला घरपण येतं ते माणसांच्या आवाजाने, असं नाना म्हणत. सूनबाईंच्या संगणकाचंही तेच मत होतं. फरक इतकाच, की तो कानावर पडेल ते टाइप करत सुटायचा.

सूनबाई कादंबऱ्यांचा अनुवाद करत. मनगटं कामातून गेली, डॉक्टरांनी कीबोर्डला हात लावायला बंदी केली, तेव्हा त्या तोंडाने लिहू लागल्या: त्या बोलत, संगणक टाइप करी. पण सासरे निवृत्त कवायतमास्तर. नानांची कुजबुजसुद्धा मैदानाच्या कुंपणापर्यंत जाई, आणि कान मंद झाल्यापासून टीव्हीही त्यांच्याच पट्टीत बोले. पहिल्याच दिवशी टीव्हीवरच्या बातम्या कादंबरीत घुसल्या: नायिकेने शेवटचा श्वास घेतला आणि किमान तापमानात दोन अंशांची घट झाली.

दुसरीने घर डोक्यावर घेतलं असतं. सूनबाईंनी माइक ओठांच्या कोपऱ्याशी आणला, संगणकाचे कान जरा मंद केले ("तुमच्याइतकेच, नाना") आणि त्याला तीन हुकूम शिकवले. कुकर शिट्टी देऊ लागला की "थांब". शिट्टी विरली की "ऐक". वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे चालू, जणू मध्ये काही घडलंच नाही. आणि प्रकरण संपलं की "पाठव", म्हणजे ते थेट संपादकांकडे.

नाना दारात थक्क. "जन्मभर सावधान-विश्राम ओरडलो, पण एका हाकेत एक कार्टं ऐकेल तर शपथ!"

"थांब," सूनबाई संगणकाला म्हणाल्या. मग मागे वळून, "हं, बोला नाना. आता कितीही बोला."

शेवटचं प्रकरण संध्याकाळपर्यंत आलं नाही तर पुस्तक दुसऱ्याला देऊ, असं संपादकांनी बजावलं, आणि नेमकं त्याच दुपारी वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. सूनबाई लॅपटॉपसकट कपड्यांच्या कपाटात शिरल्या, रजया आणि स्वेटरांच्या मधोमध. नानांनी आपणहून टीव्ही बंद केला, कपाटाच्या फटीला कान लावला आणि सावधानमध्ये उभे राहिले.

ड्रिल गुरगुरलं, आतून "थांब". ड्रिल दमलं, "ऐक". बाई घामाने निथळत असणार, पण आवाज जराही चढला नाही. असा सेनापती नानांनी पाहिला नव्हता. खरं तर कुठलाच पाहिला नव्हता.

शेवटचं वाक्य पुरं झालं. नानांना राहवेना.

"शाब्बास!" ते गरजले.

"पाठव," आतून त्याच श्वासात हुकूम सुटला. "थांब" म्हणायचं तेवढं राहिलं.

पुस्तक वेळेवर निघालं. त्याचा शेवटचा शब्द "शाब्बास" आहे. संपादकांनी उद्गारचिन्ह काढलं.