एबर्सलाऊचं रानडुक्कर

वालबुर्गाने बंबवाल्यांच्या हॉलमधल्या टेबलावर निशाण उलगडलं आणि कपाळावर हात मारला. पिवळ्या कापडावरचं काळं रानडुक्कर उजवीकडे तोंड करून उभं होतं.

"किलियान, नमुन्याचा कागद मी पालथा ठेवला रे!"

सरपंच किलियानने चष्मा लावला, काढला, परत लावला. "मावशी, हे तर पळतंय!"

गावचिन्हातल्या जनावराने बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडे तोंड करायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोंड फिरवलं की जनावर भेकड आणि गावही. आणि एबर्सलाऊचं रानडुक्कर म्हणजे काय साधंसुधं? त्याने एकट्याने स्वीडिश घोडदळ दलदलीत बुडवलं होतं. वालबुर्गाच्या आजोबांच्या वेळी गोष्टीत घोडे चाळीस होते. आता ते तीनशेवर गेलेत आणि अजून बुडतायत.

सरकारने एबर्सलाऊ आणि हेष्टबाख या दोन गावांची एकच पालिका केली होती. चिन्हही एकच राहणार: यांचं रानडुक्कर, नाहीतर त्यांचा सुळेवाला मासा. हरलेलं चिन्ह कायमचं कपाटात. निवाडा करायला गावचिन्हांचे जाणकार डॉक्टर नोटनागेल अकरा वाजता इथेच येणार होते. साडेदहा वाजून गेले होते. उसवून परत शिवायचं म्हणजे दोन दिवसांचं काम.

वालबुर्गाला एकदम चर्चमधली जहागीरदार जोडप्याची समाधी आठवली. तीस वर्षं ती तिथली धूळ पुसत होती. डावीकडे नवऱ्याची ढाल, उजवीकडे बायकोची; आणि नवऱ्याच्या ढालीवरच्या सिंहाने मान वळवून बायकोच्या ढालीवरच्या हंसाकडे पाहिलेलं.

"डावा हूक आपल्याला हवा," भिंतीवरच्या दोन हुकांकडे बघत ती पुटपुटली.

पण हेष्टबाखचा सरपंच ओटमार आधीच शिडी घेऊन डाव्या हुकाखाली उभा होता. वालबुर्गाने कमरेवर हात ठेवले आणि आवाज चढवला.

"ओटमार, तिथेच टांग बाबा तुझा मासा! उजवीकडची खिडकीजवळची जागा आमची. उजेडात आमचं निशाण उठून दिसेल."

"असं होय?" ओटमारने शिडी उचलली. "उजेड तुमच्या बापाचा का? तुम्ही बसा इथे, धुरांड्याशेजारी!"

"अरे, पण..." किलियान पुढे सरसावला. वालबुर्गाने त्याच्या पायावर पाय दिला.

अकराच्या ठोक्याला डॉक्टर आले. वाळक्या काटकीसारखा माणूस. निशाणांसमोर उभे राहिले ते हलेचनात. किलियानच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला, तरी पुसायची त्याची हिंमत होईना.

ओटमार खदखदून हसला. "डॉक्टरसाहेब, डुक्कर बघितलंत? घाबरून निघालंय!"

"कुठे निघालंय?" डॉक्टर वळले नाहीत. "तुमच्या माशाकडे बघतंय. दोन चिन्हं शेजारी असली की डावीकडचं मानाचं. मानकऱ्याने पाहुण्याकडे तोंड वळवायचं, हा शिष्टाचार. चाळीस वर्षांत कुठल्या गावाने तो पाळलेला मी पाहिला नाही. मानाची जागा यांना दिली कोणी?"

ओटमारचे कान लाल झाले.

"मी... म्हणजे त्यांनीच... ती म्हातारी..."

"तुम्हीच दिलीत तर," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहिलं: रानडुक्कर.

ओटमारने मासा हुकावरून ओरबाडला आणि काखेत मारून दार आपटत गेला. किलियान नाचत बिअर आणायला धावला. वालबुर्गा खुर्चीत कोसळली.

डॉक्टर चष्मा पुसत तिच्याजवळ आले, खाली वाकले.

"बाई, रविवारी हे निशाण पालिकेवर एकटंच लागणार. शेजारी पाहुणा नसेल. मग हे बघणार कुणाकडे?"

वालबुर्गाने वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. तिने एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि तिथेच, त्यांच्यासमोर, डुकराच्या शेपटीपासून उसवायला सुरुवात केली.