सोळापट झालेलं बोट

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हे बोट सोळापट झालंय— म्हणत रामनाथने डावा पंजा सुनेसमोर धरला. करंगळीच्या जागी गुळगुळीत, जांभळट खुंट. मागे लाकडी ठोकळ्यावर त्याच्या बायकोचा, अंजनाबाईचा, कोयता सुरमईवर पडत होता. खट्... खट्...

"बाबा, गोष्टी नकोत. विकू की नको, तेवढं सांगा."

दिपालीच्या मोबाईलवर सगळं लाल. आठवडाभर शेअरबाजार पडत होता, आणि नवरा, प्रज्योत, सकाळी बजावून गेला होता, की मी येईपर्यंत तुझे शेअर विकलेले पाहिजेत, नाहीतर... नाहीतरच्या पुढचं तिच्या दंडावर निळं उमटलं होतं.

"दोन हजार आठ. असाच कोसळत होता. शेअर तुझ्या सासूचे, वेसाव्याच्या बाजारात मासळी विकून घेतलेले. मी म्हटलं, विकू या, कर सही. तर ही वाघीण कोयता घेऊन... खट्! बोट टोपलीत, बोंबलांबरोबर उड्या मारतंय! सही राहिली ती राहिलीच. म्हणून आज सोळापट!"

दिपाली हसली. हसू दे... सोळापट खरं होतं, तेवढंच खरं. सतरा वर्षं रामनाथ रोज पेपरात त्या शेअरांचा भाव बघत आला होता, दुसऱ्याच्या घरात वाढणारं आपलं पोर बघावं तसा— आणि बाकीचं? हाच ठोकळा, त्यावर दाबून धरलेलं अंजनाचं मनगट, फुटलेल्या बांगड्या, आणि मी ओरडतोय, सही कर, नाहीतर हात तोडीन... बाजूला मारणार होतो मी, नुसता घाबरवायला. पण मनगट धरणाऱ्या हातालाही बोटं असतात, हे तेव्हा... थांबणाऱ्याचा पैसा वाढतो म्हणतात टीव्हीवर. थांबू कोण देतं, ते नाही सांगत.

"म्हणजे आई, तुम्ही वाचवलेत शेअर!"

कोयता थांबला.

"खोटं बोलतायत ते," अंजनाबाई वळून म्हणाली. "त्याच दिवशी सही केली मी. यांच्या रक्ताने भिजलेल्या हाताने. कोयता यांच्या हातात होता गं. माझ्या नव्हता."

रामनाथ पंजा मिटायला गेला. मिटेना. दिपालीच्या दंडावरचे ठसे आता त्याला एकेक दिसू लागले— पाच, पाचही बोटं शाबूत असलेल्या हाताचे.