लांडग्याचं उष्टं

कारभारी आप्पाच्या गळ्यात तुळशीची माळ पडून बावीस वर्षं झाली होती, आणि या बावीस वर्षांत त्याच्यादेखत कुणी मटणाची गोष्ट काढली नव्हती. गावाची तेवढी आदब होती. दरवर्षी बाजरी निघाली की मेंढरं घेऊन त्याच्या रानात उतरणारा मल्हारी धनगरसुद्धा आप्पा दिसला की चुलीवरच्या पातेल्यावर झाकण टाकायचा आणि थंडीवाऱ्याचं बोलायला लागायचा. आप्पाला ते कळायचं, आणि बरंही वाटायचं. कीर्तनात दुसऱ्या रांगेत उभं राहून टाळ धरणारा माणूस तो. कधीमधी दोन शब्द सांगायचाच, की मल्हारी, मुकं जनावर, जीव सगळ्यांचा सारखाच रे. मल्हारी मान डोलवायचा. आप्पा बांधाआड गेला की झाकण काढायचा.

पण या आदबीमुळंच झालं काय, की धनगरांच्या चुलीवर कधी काय शिजतं आणि ते कुठून येतं, हे आप्पाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या साली माळाला तारेचं कुंपण पडलं. चितेगावच्या कारखान्यांची रांग सरकत सरकत तिथवर आली होती. माळाच्या घळीत एक लांडगीण राहायची. यंत्रं आली, दगड फुटायला लागले, तशी ती पिलांना घेऊन आप्पाच्या शेताखालच्या ओढ्याच्या झाडीत उतरली. दोन महिन्यांत तिनं आप्पाच्या बायकोच्या, कस्तुराबाईच्या, दोन शेळ्या नेल्या. मग कालवड नेली. कालवडीची आई वितानाच गेली होती, म्हणून कस्तुराबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्यानंतर चार दिवस कस्तुराबाई गोठ्यात गेली नाही. शेण काढायला आप्पाच जायचा, आणि रिकाम्या खुंट्याकडं बघून बाहेर यायचा.

संक्रांतीच्या पहाटे लांडगिणीनं मल्हारीची एक मेंढी ओढ्याकडं ओढली. आरडाओरडा झाला तशी मागची मांडी तेवढी खाऊन पळाली. आप्पा काठी घेऊन धावत गेला, तर मल्हारी मेंढीपाशी शांत उभा. नुसता बघत होता.

"राहू द्या, आप्पा," तो म्हणाला. "आजची रात तिची हाय. खंडोबाचं कुत्रं ते, त्याचा वाटा त्याला."

दुपारी मेंढरं लांब चरायला गेली तसा तो एकटाच ओढ्यात उतरला. कणगीतल्या उंदरांसाठी आणलेली काळपट पूड होती, लसणासारख्या वासाची. मेंढीच्या छातीत, मांसात खोल, त्यानं ती काठीनं कोंबली. एरवी कुठलंही काम करताना त्याच्या तोंडात विठ्ठलाचं नाव असायचं. त्या दिवशी ते त्याला घेता आलं नाही. रात्री लांडगीण येईल, खाईल, संपेल. पिलांचं काय होईल, हा विचार त्याच्या मनात आला होता. तो त्यानं बाजूला सारला.

दुसरा दिवस करीचा. आप्पा भल्या सकाळी चांदपाशाच्या भाजीच्या टेम्पोत बसून शहरात गेला. उस्मानपुऱ्यात त्याची लेक मंजुळा दिली होती, तिला तीळगूळ पोचवायचा होता. चांदपाशा त्याच्याच गावचा. मेथी, हरभऱ्याची भाजी रोज मंडईत नेऊन टाकायचा.

शहर त्या दिवशी एका डोळ्यानं हसत होतं आणि दुसऱ्यानं धास्तावलेलं होतं. सोळा वर्षं ज्याच्यासाठी माणसं मोर्च्यात चालली, तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला, तो विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आदल्या दिवशी झाला होता. उस्मानपुऱ्यात निळे झेंडे लागले होते. एका म्हाताऱ्यानं आप्पाच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, "घ्या माउली, नाव झालं आमच्या बापाचं." त्याचे डोळे भरलेले होते. आप्पानं पेढा तिथंच तोंडात टाकला. पण चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या होत्या, बरीच दुकानं अर्ध्या शटरवर होती, आणि दुपारी काय होईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. लवकर निघालेलं बरं, असं जावई दोनदा म्हणाला.

साडेनऊला आप्पा आणि चांदपाशा टपरीवर चहा पीत होते. चांदपाशा गालात हसला.

"तुमच्यापुढं बोलू नाय आप्पा, पण आज तुमच्या रानात जंगी बेत हाय. मल्हारीची बानाबाई पहाटेच आमच्या पाट्यावर मसाला वाटून घेऊन गेली. तुमच्या घरचा पाटा कसा मागणार? आमची घरवाली गुलशन म्हणली, एवढा वास सुटलाय, आमाला बी वाटीभर धाडा. मग आपुनच हसत बसली. लांडग्याचं उष्टं, आमाला कुठं चालतंय? ना सुरी, ना बिस्मिल्ला. तुमी माळकरी, आमी मुसलमान, दोघं बी उपाशी."

आप्पाची बशी ओठापाशीच थांबली. "कसलं उष्टं?"

चांदपाशाला वाटलं, आप्पाला माहीत असेलच. मग त्यानं सांगितलं. लांडग्यानं मारलेल्या मेंढीला धनगर एक रात्र हात लावत नाहीत. तो परत आला तर त्याचं. उजाडेपर्यंत आला नाही, तर उरलेलं देवाच्या कुत्र्यानं आपल्याला ठेवलं म्हणायचं, घरी आणायचं, आणि सगळ्यांनी मिळून खायचं. यंदा तर कर आलेली. काल रात्री लांडगीण आलीच नाही, पहाटे मेंढी घरी आणली, आज शिजवणार.

"कधी बसतील जेवाया?"

"मेंढरं सोडायच्या आधी. अकरा वाजता."

आप्पा उठला. चहा बशीत तसाच राहिला. "टेम्पो काढ," तो म्हणाला. चांदपाशानं चहाचे पैसे ठेवले आणि किल्ली काढली.

स्टेशनवरून पैठण रस्त्याला लागेपर्यंत आप्पा मनात माणसं मोजत होता. मल्हारी, बानाबाई, मल्हारीचा भाऊ पुंजाराम, आणि दोन पोरी. थोरली सात वर्षांची, धाकटी चार. पाच माणसं. धाकटी त्याला 'टाळबाबा' म्हणायची, त्याच्या पिशवीतले टाळ काढून वाजवायची. सुटलेल्या माळेच्या मण्यांसारखी तीच पाच नावं पुन्हा पुन्हा त्याच्या जिभेवर येत राहिली.

नक्षत्रवाडीपाशी पोलिसांनी लोखंडी अडथळे लावले होते. पुढं वीसेक गाड्या. शहरात जाणारी वाहनं आणि बाहेर निघणारी, दोन्ही थांबवून नाव-गाव विचारणं चाललं होतं. दहा मिनिटं गेली. गाड्या जागच्या हलल्या नाहीत. आप्पा उतरून हवालदारापाशी गेला, हात जोडले, घरी माणूस आजारी आहे म्हणाला. हवालदार सकाळपासून उन्हात उभा होता. तो म्हणाला, बाबा, आज या रांगेत प्रत्येकाच्या घरी माणूस आजारी आहे. रांगेत जा.

आप्पा परत येऊन बसला. घड्याळ नव्हतं, पण सावली बघून त्याला कळत होतं.

"कोण आजारी हाय, आप्पा?" चांदपाशानं विचारलं.

तेव्हा आप्पानं सांगितलं. समोरच्या काचेकडं बघत, एका दमात, जसं घडलं तसं. चांदपाशा ऐकत होता. त्याचा हात चाकावरून खाली आला. कलमा म्हणावा तसे त्याचे ओठ हलले, आणि मग तो दार उघडून खाली उतरला.

तो हवालदाराशी काय बोलला ते आप्पाला दुरून ऐकू येत नव्हतं. हवालदाराची मान टेम्पोकडं वळली. तो जवळ आला, आप्पाला न्याहाळून पाहिलं, आणि वहीत दोघांची नावं, टेम्पोचा नंबर लिहून घेतला. अडथळा बाजूला झाला.

"काय सांगितलं?"

"जेवणात इख पडलंय, म्हणलं, पाच माणसं बसल्यात. त्यानं विचारलं, कुणी टाकलं? मी म्हणलं, मालूम नाय साहेब." चांदपाशानं गाडी तिसऱ्या गिअरात टाकली. "त्याला मी खोटं बोललो, आप्पा. मल्हारीला तुमी खरं बोला. आन् उतरल्या उतरल्या बोला."

पाणंद सुरू झाली तिथं टेम्पोचं चाक चरात अडकलं. आप्पा खाली उडी मारून पळत सुटला. बाजरीच्या धसकटात पाय पडत होते, चप्पल कुठं गेली कळलं नाही. लिंबाखाली धनगरांचं बिऱ्हाड दिसत होतं. माणसं गोल बसलेली. बानाबाई पळी घेऊन वाकलेली.

"खाऊ नका!" तो ओरडला. "हात लावू नका त्याला!"

पुंजारामनं मान वर केली आणि हसला. "आले आप्पा. कोसावरून वास लागला जणू." मल्हारीला मात्र लाजल्यागत झालं. सवयीनं त्यानं आधी पातेल्यावर झाकण टाकलं, मग उठून उभा राहिला. बानाबाईनं पदर सावरला. म्हणाली, बसा आप्पा, पाणी घ्या, तुमच्यासाठी येगळा गूळ ठेवलाय.

"टाकून द्या," आप्पा म्हणाला. त्याला पुढचा श्वास सापडत नव्हता. "समद्यांनी. ताटं टाका."

"असं काय करता, आप्पा," मल्हारी समजुतीनं बोलला. "आज करीचा दिस. तुमचं सांगणं आमी वर्साचे बाकीचे दिस ऐकतोच की. लेकरं भुकेली हायती, एवढं खाऊ द्या. उंद्या बसून ऐकतो."

आप्पाला तेव्हा उमगलं, की त्याचा प्रत्येक शब्द त्यांच्या कानाशी कीर्तन होऊन पोचतो आहे. बावीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. खाऊ नका. आज त्याच शब्दांवर त्यांचे प्राण टांगले होते, आणि कुणी दचकतसुद्धा नव्हतं. धाकटीनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि उचलला.

"मी इख घातलंय त्यात," आप्पा म्हणाला. "मेंढीत. काल दुपारी. म्या."

मल्हारीनं पोरीच्या हातावर असा फटका मारला, की तुकडा चुलीपलीकडं गेला. दोन्ही पोरींना त्यानं जबड्याला धरून तोंडं उघडायला लावली, बोटं आत घालून बघितलं. थोरली रडायला लागली. खाल्लं का, चाटलं का, बोट तरी चाटलं का, हे त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. पुंजारामनं पुढ्यातलं ताट पालथं केलं आणि माती ओढून हात घासत राहिला.

बानाबाई पळी धरून तशीच उभी होती. "म्या मीठ बी बघितलं नाय," ती सावकाश म्हणाली. "देवाचं असतंय. आधी चाखत नसतेत. आधी कुत्र्याला..."

ती थांबली. सगळ्यांनी मेंढरांच्या जाळीकडं पाहिलं.

पहिला घास कुत्र्याचा, हाही त्यांचा नेम. तांबड्याला द्रोणभर घातलं होतं, सगळे बसायच्या आधी. तो जाळीमागं सापडला. मल्हारीनं त्याला मांडीवर घेतलं, चांदपाशा पळत जाऊन कस्तुराबाईकडून ताक घेऊन आला, नळीनं पाजून बघितलं. नऊ वर्षांचा कुत्रा. या लांडगिणीशी तो किती वेळा झुंजला होता, त्याच्या कानाची एक पाकळी तिनंच नेली होती. सूर्य डोक्यावर यायच्या आत तो गेला.

आप्पा धसकटातच बसला होता. जवळ जायची त्याला छाती होईना. बानाबाई त्याच्यापाशी आली. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं.

"आमी मारतो ते खायापायी मारतो, आप्पा," ती म्हणाली. "तुमी तर खात बी नाय. मग तुमी मारता कशापायी?"

आप्पाला कालवडीचं सांगावंसं वाटलं. बाटलीचं, कस्तुराबाईचं.

दुपारनंतर मल्हारीनं जाळी सोडली. अजून चार दिवस मेंढरं बसायची होती, अर्धं रान खतवायचं राहिलं होतं. निघण्याआधी त्यानं आप्पाच्या हातात कुदळ दिली आणि ओढ्याच्या वर, मुरमाड जागी, नेऊन उभं केलं. पातेलं, उरलेलं धड, पालथी झालेली ताटं, माखलेली माती, सगळं पुरायचं होतं. आप्पा खणत राहिला. छातीइतकं झालं तसा तो वर बघून थांबला.

"अजून खोल," मल्हारी म्हणाला. "ती उकरती."

आप्पा पुन्हा खणायला लागला. कुत्र्यासाठी मल्हारीनं वेगळा खड्डा घेतला, स्वतःच्या हातानं, लिंबाखाली. तिथं आप्पाला त्यानं येऊ दिलं नाही.

जाताना एवढंच बोलला, "माती दबंपर्यंत बसा हितं. दोन-तीन रात्री. तिची मेंढी हाय ती, ती इचारायला येणार." मग मेंढरं पाणंदीनं निघाली. धाकटी घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसली होती. तिनं वळून बघितलं, पण हाक मारली नाही.

उन्हं कलली. कस्तुराबाई घोंगडी आणि भाकरी ठेवून गेली. हवालदार चौकशीला आला तर काय सांगायचं, असं तिनं विचारलं. जे केलं ते सांगणार, आप्पा म्हणाला. ती जराशी उभी राहिली आणि गेली.

कारखान्याचा भोंगा झाला. तांबूस उजेड ओढ्याच्या झाडीवर असतानाच ती बाहेर आली. आप्पानं तिला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. बरगड्या दिसत होत्या, पोटाखाली आचळं ओढलेली. ती थांबली, वारा हुंगला, आणि आप्पाकडं न बघता सरळ खड्ड्याकडं आली. वीस पावलं. पंधरा. पुढचे दोन पाय तिनं नव्या मातीवर ठेवले आणि उकरायला लागली.

आप्पानं ढेकूळ उचललं. तो उठून तिच्या अंगावर धावत गेला, घोंगडी हवेत फडकावत, घसा फुटेपर्यंत ओरडत, "नको! खाऊ नको! जा, माझे आई, जा इथून!" ढेकूळ तिच्या पायाशी फुटलं. ती मागं सरली, दात दाखवले, आणि तीस पावलांवर जाऊन बसली.

आप्पाही मातीच्या ढिगावर बसला. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. ती उठली की तो उठायचा.