दोन्ही वेळा खाली राहिलेला हात

देवाजींनी खिशातला कागद चौथ्यांदा बाहेर काढला, घडी उलगडली आणि चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"पाठ झाला असन ना काका आता तुमाले," त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत आणणारा रुपराव म्हणाला.

"पाठ तर कालच झाला गा. पण माइकसमोर गेलं का पाठ केलेलं पळून जाते."

हे साफ खोटं होतं. माइकसमोर देवाजी अडखळल्याचं अख्ख्या कन्हानात कुणाला आठवत नव्हतं. कोळशाच्या खाणीत चौतीस वर्षं नोकरी, त्यातली वीस वर्षं युनियनची चिटणिसी. गेटसभेत त्यांचा आवाज चढला की पलीकडच्या टपरीवरची माणसं कप खाली ठेवत. आता गुडघे गेले होते, आवाज मात्र शाबूत होता, आणि त्याच आवाजाच्या भरवशावर निवृत्त खाणकामगारांच्या संघटनेनं शहात्तराव्या वर्षी त्यांना अध्यक्ष करून ठेवलं होतं.

रुपराव शेजारच्या खुर्चीवर टेकणार, तोच संघटनेचे चिटणीस प्रेमानंद यांनी हात आडवा केला.

"पुढच्या रांगा सभासदांच्या हायेत. तू मांगं बस."

रुपराव मुकाट्यानं मागे गेला. त्याचं असंच होतं. देवाजींच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायचा. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की सिलिंडर उचलायचं असो, रुपराव हजर. खाणीत ठेकेदाराकडे कामाला होता. जुना ठेकेदार गेला, नव्यानं अजून बोलावलं नव्हतं, म्हणून पंधरा दिवस घरी होता आणि म्हणूनच आज देवाजींना कन्हानहून नागपूरला आणायला मोकळा सापडला होता.

सिव्हिल लाइन्समधलं ते सभागृह सकाळी अकरालाच भरलं होतं. खाणकामगारांचा पेन्शन फंड आटत चालला होता, आणि नियम बदलण्याआधी लोकांचं ऐकून घ्यायला दिल्लीहून समिती आली होती. प्रत्येक संघटनेला बोलायला पाच मिनिटं. देवाजींच्या कागदावर चार मागण्या होत्या, पण चारींचा अर्थ एकच: आमच्या पेन्शनला हात लावू नका. पेन्शन जमा झाली की पत्नी इंदूबाईंच्या शुगरच्या गोळ्या येत, किराणा येई, विजेचं बिल भरलं जाई. दुसरी मिळकत नव्हती. सकाळी शर्टाला इस्त्री करताना इंदूबाई म्हणाल्या होत्या, "मोठ्यानं बोलजा. पण भांडण करून येऊ नका." कन्हानातल्या दोनशे घरांचे डोळे त्या पाच मिनिटांकडे लागले होते.

समितीबरोबर गुंजन नावाची एक तरुण अधिकारी आली होती. फंडाचं सगळं गणित तिच्याकडे होतं. आता ही पोरगी भिंतीवर आलेख दाखवून आपल्याला गप्प करणार, असं देवाजींना वाटलं. पण तिनं पडदा उघडलाच नाही.

"जे आज खाणीत कायम नोकरीवर आहेत आणि या फंडात दर महिन्याला पैसे भरतात, त्यांनी हात वर करा."

सात हात वर झाले.

"आता ज्यांना या फंडातून पेन्शन मिळते, त्यांनी."

पुढच्या रांगाच्या रांगांचे हात वर गेले. देवाजींचा हात सगळ्यांत ताठ.

"फंड सुरू झाला तेव्हा हे चित्र उलट होतं," गुंजन म्हणाली. "भरणारे कमी होत गेले, घेणारे वाढले. त्यात तुमची काही चूक नाही. पण असंच चाललं तर दहा-बारा वर्षांत पेन्शन कापावी लागेल. ते टाळायचं कसं, हे तुमच्याकडून ऐकायला आम्ही आलोय."

सभागृहात कुजबुज उठली. प्रेमानंद तणतणले, "खाण काय बंद पडली का? पयल्यापेक्षा दुप्पट कोळसा निघून राहिला! मंग काम करणारे गेले कुठी?"

देवाजी उत्तर द्यायला वळले आणि वळताना त्यांची नजर शेवटच्या रांगेवर गेली. रुपराव दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता. त्याचा हात पहिल्या वेळी वर झाला नव्हता आणि दुसऱ्या वेळीही नाही. अठ्ठावीस वर्षं तो त्याच खाणीत कोळसा भरत होता.

हात वर करायला लावणं ही तर देवाजींचीच रीत. फंड सुरू झाला त्या सुमारास ठेकेदाराकडची माणसं युनियनकडे अर्ज घेऊन आली होती. आम्हालाही फंडात घ्या, आमचंही तुमच्यासोबत मांडा. युनियनच्या खोलीत देवाजींनी मत घेतलं होतं. "आधी आपलं पाहू, त्याइचं मांगून. पटत असन त्यानं हात वर करा." सगळ्यांत आधी त्यांचाच हात वर झाला होता. पंगतीत वाटेकरी वाढले की आपल्या ताटात कमी पडेल, एवढं साधं गणित होतं ते. आणि ते 'मांगून', म्हणजे नंतर, काही आलं नाही. लहानपणी विहिरीवर बापाला दूर उभं केलेलं ज्यानं पाहिलं, त्या माणसानं हे करावं, याची लाज त्यांना आज सत्तावीस वर्षांनी वाटली, आणि चांगलीच वाटली.

"कन्हान संघटना!" पुकारा झाला.

रुपरावनंच धावत येऊन त्यांना माइकपर्यंत नेलं. देवाजींनी कागद काढला, पाहिला आणि परत खिशात घातला.

"जय भीम, नमस्कार. मॅडम, तुम्ही दोनदा विचारलं. आता तिसऱ्यानं विचारा."

"काय विचारू?"

"जे खाणीत काम करते, पण फंडात नाहीत, त्याइनं हात वर करावा."

प्रेमानंद जागेवरून अर्धे उठले. "भाऊ, आपली मागणी वाचा ना! टाइम जाऊन राहिला!"

गुंजननं क्षणभर देवाजींकडे पाहिलं आणि प्रश्न विचारला.

कुणीच हलेना. रुपराव माइकशेजारी उभा होता. तो खाली पाहत राहिला.

"रुपराव," देवाजी हळूच म्हणाले, पण माइक चालू असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "कर ना गा."

त्याचा हात खांद्यापर्यंत आला, थांबला, मग वर गेला. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एकानं केला. मग दोघांनी. म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून आणणारे, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारे, कुणाचे शेजारी, कुणाचे जावई, कुणाचे मुलगे. प्रेमानंदांनी मागे वळून पाहिलं, तर त्यांचा स्वतःचा मुलगा सुशील हात वर करून उभा होता. ते खाली बसले.

गुंजन बोटानं मोजत होती. "एकेचाळीस," ती म्हणाली. "यांना घेतलं तर हे आज भरतील, पण उद्या यांनाही पेन्शन द्यावी लागेल. चालेल तुम्हाला?"

"द्यावंच लागीन. कोळसा तेच काढून राहिले ना? ठेकेदाराचाही वाटा त्यात घ्या. आमची मागणी एवढीच हाय."

"एवढ्यानं फंड पूर्ण सावरेल, असं मी म्हणणार नाही. पण मुदत बरीच वाढेल." तिनं मान खाली घातली आणि लिहू लागली. शेजारी बसलेल्या समितीच्या अध्यक्षांनीही पेन उघडलं.

परतीच्या बसनं कामठी मागे टाकली. नदीचा पूल आला तेव्हा देवाजींनी घसा खाकरला.

"रुपराव, तुले एक सांगायचं हाय. फंडाच्या वेळी तुमचा अर्ज आला होता. तो म्याच पाडला. हात वर करायले लावले, अन् पयला माहाच."

"मले मालूम हाय."

"तुले कोणं सांगतलं?"

"सांगन कोण? त्या दिवशी खुर्च्या म्याच लावल्या होत्या ना. दरवाज्यातच होतो."

देवाजी खिडकीबाहेर पाहू लागले. पुलाखाली नदीचं पाणी उन्हात चमकत होतं.

"अन् तरी माह्या घरचं सिलिंडर उचलत राहिला?"

"काकूचं सिलिंडर होतं ते," रुपराव म्हणाला आणि हसला.

कन्हानचा स्टॉप आला. रुपरावनं आधी उतरून हात दिला. देवाजी त्याचा हात धरून एकेक पायरी उतरले आणि खाली उतरल्यावरही त्यांनी तो सोडला नाही.

"शुक्रवारी सहाले संघटनेची बैठक हाय."

"हो. मी पाचले येतो, खुर्च्या लावायले."

"पाचले ये," देवाजी म्हणाले. "मीही येतो. दोघं मिळून लावू. अन् तुमच्या एकेचाळीस जणाइलेही सांग. खुर्च्या जास्तीच्या लागतीन."