आर्बरचा र

भांडणं बांधापायी होतात, बाईपायी होतात. सत्त्याण्णव साली आखातातल्या रुवैसच्या कामगार कॅम्पात झालेलं भांडण 'र' या अक्षरापायी झालं.

सोमनाथ तिथे स्टोअरकीपर. वाईच्या पाठशाळेत चार वर्षं काढलेला. जगातल्या झाडून सगळ्या भाषा संस्कृतच्या पोटच्या, हे तो मेसमध्ये रोज वाढायचा आणि चाळीस माणसं ते भाताबरोबर गिळायची. त्या वाळवंटात त्याची इभ्रत काय ती एवढीच.

एका शुक्रवारी दुपारी आचारी केरूच्या हातचं मटण खायला डोनल आला. वेल्डिंग इन्स्पेक्टर, आयरिश. कॉलेजात जुनी आयरिश शिकून पोटासाठी पाइप तपासणारा. आमच्या जुन्या भाषेत धान्याला आर्बर म्हणत, असं तो बोलायला आणि सोमनाथ गरजायला एकच गाठ पडली. "उर्वरा! म्हणजे पिकाऊ जमीन. तुमचा शब्द आमचीच लेक."

डोनलने टेबलावर सांडलेल्या पिठात बोटाने लिहिलं. धान्य ते आर्बर. 'धान्याचं' म्हणताना र गळतो, होतं आर्बे. अनेकवचनात र च्या जागी न येतो, आर्बन. तुमच्या उर्वरेचा र असा हलतो का, त्याने विचारलं. "लेक नाही. बहीण."

सोमनाथ उर्वरेची रूपं पुटपुटू लागला; र जागचा हलेना.

"शास्त्रीबुवा," केरू म्हणाला, "र सुट्टीवर गेला काय?"

मेस हसली. सोमनाथने आमटीचा डाव उचलून डोनलच्या जबड्यावर घातला. दात पिठात पडला. डोनलने त्याला केसांना धरून टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. नाकाचं हाड मोडलेलं चुलीपाशी ऐकू आलं. सोमनाथ त्याच्या कानाला चावला. चौघांनी ओढलं तेव्हा कानाचा तुकडा सोमनाथच्या तोंडात होता.

पोलीस ठाण्यात कंपनीची व्हिसाची कामं बघणाऱ्या गनीने सोमनाथला बजावलं: डोनलने तक्रार मागे घेतली तर ठीक, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि थेट विमान. "माफी मांगो हबीबी, खलास."

सोमनाथने सुजलेलं तोंड उघडलं. माफीऐवजी बाहेर पडलं, "अहर्निश! मध्याह्न! दिवसाचा शब्द तोच, एकदा अहर्, एकदा अहन्; एकदा र, एकदा न. आमच्यातही आहे!"

समोरच्या बाकावरच्या डोनलने दोन्ही शब्द फुटक्या ओठांवर घोळवून पाहिले. मग दाताच्या खिंडारातून हसला. "म्हणजे बहीण?"

"बहीण," सोमनाथने कबूल केलं.

डोनलने समझोत्याचा कागद पुढे ओढला, पेन टेकवलं. गनीने सुटकेचा श्वास सोडला. इथे शहाणा माणूस गप्प बसतो.

"पण थोरली कोण?" सोमनाथने विचारलं.

डोनलने पेनला टोपण घातलं आणि बाही वर सारली.