सहा मासे, दिवाळीपर्यंत

दुकानदारानं आपणहून स्वस्तातली वस्तू पुढं केली, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. सांगा बरं, असा दुकानदार कुटं असतो?

मी अनसाबाई. माहेर हळ्ळीखेडचं, सासर बिदरातल्या मैलूरचं. बापाची दोनशे मेंढरं होती, लगीन होईस्तोवर मी त्यांच्याच मागं फिरलेली. आता मेंढरं न्हाईत, मी एका हॉस्टेलात भाकऱ्या थापते. पण मेंढरामागं फिरलेल्या बाईच्या दोन खोडी जात न्हाईत. सांज झाली की जितराब मोजायचं, आन् कुणावर भरवसा ठिवायचा न्हाई. लोकरीचा व्यापारी गोड बोलायला लागला की बाप म्हणायचा, "अनसे, तराजूकडं बघ."

माझा एकुलता एक ल्योक महांतेश. पुण्याला गाड्यांचे पार्ट करायच्या कारखान्यात हाय. राजेश्वर गावची तुळजा त्याला करून आणली त्याला दोन वर्सं झाली. तो तिकडं, ती माझ्यापाशी. दोन हजार सहाच्या श्रावणाच्या शेवटी तो सुट्टीला आला, तर बसमधून उतरला मांडीएवढी काचेची पेटी घिऊन. त्याच्या खोलीमालकानं टाकून दिलेली, माशाची. मग बाजारातनं सहा मासे आणले, सोनेरी, माझ्या करंगळीएवढे.

जायच्या दिशी तुळजा दाराआड उभी राहून त्याला म्हणली, "मला कवा नेणार?"

तो हसला. "हे सहा मासे दिवाळीपर्यंत जगवून दाखव. मग नेतो. सहा मासे सांभाळता येईनात, तर पुण्यात संसार काय सांभाळशील?"

हसत म्हणला खरा, पण पोरीनं ते पदराला गाठ मारून ठिवलं. त्यानं पेटीतलं पाणी साफ ठिवायचा फिल्टर घ्यायला म्हणून पाचशे रुपये तिच्या हातात दिले आन् गेला. म्या मनात म्हणलं, बरं झालं. मासे कुटं एवढे जगत्यात? खोटं कशाला बोलू, ती जाऊ नये असंच मला वाटत होतं. एकटीनं राहायला मला भ्या वाटतं, हे म्या कुणाला सांगितलं न्हाई.

आता फिल्टर. तुळजा एकटीच दुकानाला जायला निघाली, म्या म्हणलं, थांब, मी पण येते. पाचशे रुपये घिऊन पोरगी एकटी बाजारात कामून जावी?

दुकानदार गुरुलिंग. तीस-बत्तिसाचा, भांग पाडलेला, लई मऊ बोलायचा. मऊ बोलणारा माणूस मला आधीच खपत न्हाई. त्यानं तीन-चार डबे काढून मांडले. एक पेटीच्या कडंला अडकवायचा, साडेसहाशेचा. एक पाण्यात बुडवायचा मोटारवाला, साडेचारशेचा. आन् एक, नळीला अडकवलेला नुसता स्पंजाचा गोळा, संगं हवेचा बारका पंप. एकशेनव्वद.

"अक्का, तुमाला हेच बेस," तो स्पंजावर बोट ठिवून म्हणला. "मासे बारके हायत. मोटारीच्या धारंनं दमून जातेत. स्पंज हळूच पाणी वडतो. उरलेल्या पैशाचं खाद्य न्या."

म्या इचारलं, "मग महागाचं कुणासाठी ठिवलायस?"

"मोठ्या पेट्या असतेत न्हवं लोकांच्या."

"आन् आमी बारके लोक, व्हय?"

तो नुसताच हसला. म्या स्पंज हातात घिऊन दाबला. भांडी घासायला वापरतेत तसला. ह्याचे एकशेनव्वद? नक्कीच पडून राहिलेला माल असणार, आमच्या गळ्यात मारायलाय. म्या तुळजाला म्हणलं, "तू हितंच थांब, काय घिऊ नको. मी पलीकडच्या गल्लीत भाव काढून येते."

पलीकडं तोच स्पंज दोनशे वीसला होता. तिथल्यानं मोटारीचाच डबा पुढं सरकवला, त्याचं मला काय वाटलं न्हाई, दुकानदार असाच असतो. पण परत आले तर काय बघते! गुरुलिंग आन् तुळजा दोघं त्या स्पंजावर वाकलेले. तो हळू आवाजात काय तरी सांगायलाय, कानडीत, आन् ती मान हलवायली. मी पायरीवर पाय ठिवला, दोघं गप.

"काय चाललंय?" म्या इचारलं.

"काय न्हाई आत्या, कसं वापरायचं ते सांगायलेत," तुळजा म्हणली.

वापरायचं सांगायला एवढं वाकाय लागतं? म्या पावती मागितली, वर सही मागितली, सहीखाली दुकानाचा नंबर लिवून घेतला. गुरुलिंगनं सगळं मुकाट्यानं दिलं. चोरी न केलेला माणूस एवढं मुकाट्यानं देतो का?

घरी येऊन पंप लावला. बुडबुड बुडबुड सुरू झालं. आठ-दहा दिवसांत त्यो स्पंज असा काळा-तपकिरी झाला, वर बुळबुळीत, बघूनच मला किळस आली. म्या म्हणलं, "तुळजे, धू की ते."

"न्हाई आत्या," ती म्हणली. "तसंच ठिवायचं असतंय. नळाचं पाणी तर अजिबात लावायचं न्हाई. लई झालं तर पेटीतलंच पाणी तांब्यात घिऊन हळू पिळायचं, बस."

घाण तशीच ठिवायची! म्हंजे महिन्याभरात ते सडणार, आन् आमी परत एकशेनव्वद घिऊन गुरुलिंगच्या दारात. डाव माझ्या ध्यानात आला. आन् पोरगी एक तर आळशी, न्हाई तर त्याच्या बोलण्याला भुललेली. मेंढरं बसतात ती जागा रोज झाडली न्हाई तर मेंढराला रोग लागतो, हे मला शिकवायला कोण गुरुलिंग पायजे? कातरायच्या आधी आमी मेंढरं ओढ्यात घालून चोळून धुवायचो. जितराबाला घाण कवा मानवली हाय?

आमच्यात ऐतवार मल्लण्णा देवाचा. शनवारी घरातलं भांडं न भांडं घासून उन्हात पालथं पडतंय, देव उजळतेत, उंबरा धुवून निघतोय. तुळजा दुपारची गल्लीतल्या शिवणवाल्या नागम्माकडं ब्लाउजची काजं करायला जाते. तिनं दार ओढून घेतलं की मी स्पंज काढायची, धुण्याचा सोडा लावायची, नळाखाली खसाखसा चोळायची. पाणी निवळ होईस्तोवर पिळायची. परत जाग्यावर. पेटी कशी लख्ख! भांडण नको, बोलणं नको. घरच्या बाईनं करायचं ते म्या गुपचूप केलं.

पैल्या ऐतवारी सांजच्याला मोजले, पाच. एक पालथा तरंगायलेला.

तुळजा रडली. म्या म्हणलं, "जाऊ दे, मुका जीव." पण मनात हिशेब लागला. ही खाद्य घालती, ही पाणी बदलती, मासे हिच्या हातात. मग मेला कसा? पुढचा शनवार गेला, सोमवारी चार राहिले. तिनं फोनवर महांतेशला सांगितलं, आन् मला ऐकू आलं, "माझ्याच हातनं पाणी बदलायचं राहिलं हो." मी चाट पडले. पाणी तर म्या डोळ्यानं बघितलं होतं, तिनं टायमाला बदललं होतं. खोटं कामून बोलायली ही? मग मला वाटलं, हिला जायचंच न्हाई पुण्याला. हिचं मन हितंच कुटं तरी गुंतलंय. मासे हीच मारायलीय.

वरनं नागम्मा मला गल्लीत गाठून म्हणली, "अनसाबाई, तुझी सून दोन बारी माशाच्या दुकानात दिसली बाई. काजं अर्धी टाकून गेलती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांग पाडलेला, मऊ बोलणारा, वाकून कानडीत सांगणारा! आता काय राहिलं इचारायचं? पण म्या तोंडातनं शबूद काढला न्हाई. रंगेहात धरल्याबिगर बोलायचं न्हाई.

दसरा झाला. मधी पंधरा दिवस मला थंडीताप आला, दोन शनवार अंथरुणावरनं उठवलं न्हाई. ते पंधरा दिवस चारचे चार मासे जिते. उठले, शनवारी स्पंज घासला, तर ऐतवारी तीन. तवा तरी माझ्या टकुऱ्यात उजेड पडायला पायजे होता. पडला न्हाई. मला वाटलं, मी अंथरुणावर होते तवा ही घरात अडकून होती, मी उठले आन् हिला दुकानाला जायला सवड झाली.

सोमवारी तुळजा काजं करायला गेली, म्या फिल्टर काढला, पिशवीत घातला, पावती घेतली आन् थेट गुरुलिंगच्या दुकानात. गिऱ्हाईक होतं, तरी थांबले न्हाई. म्हणलं, "ह्यो तुझा फिल्टर. तीन मासे खाल्ले ह्यानं. आन् माझ्या सुनेला हितं कामून बोलवायलास, ते बी सांग, चार लोकांत सांग!"

गुरुलिंगचं तोंड पडलं. त्यानं पिशवीतनं स्पंज काढला, उजेडात धरला, नाकाला लावला. मग माझ्याकडं बघितलं.

"अक्का, ह्याला सोडा लावलाव?"

"मग? घाणीत ठिवू?"

"ती घाण न्हवं अक्का," तो तसाच मऊ बोलला. "त्या स्पंजात डोळ्याला न दिसणारे बारीक जीव राहतेत. माशाची घाण तेच खातेत, पाणी तेच साफ करतेत. फिल्टर म्हंजे तेच. तुमी सोड्यानं अन् नळाच्या औषध टाकलेल्या पाण्यानं धुतलं की ते सगळे मरतेत. वर सोडा पाण्यात उतरतो. मासा दुसऱ्या-तिसऱ्या दिशी जातो."

शनवार, ऐतवार. शनवार, सोमवार. तापाचे पंधरा दिवस. मी उभ्या जागी मोजलं.

"हे म्या तुमच्या सुनेला पैल्याच दिशी सांगितलंय," तो म्हणला. "तुमी भाव काढायला गेलता तवा. मग ती दोन बारी आली. म्हणली, घरात कोण तरी स्पंज धुवायलंय, सोड्याचा वास येतोय, काय उपाय? म्या म्हणलं, धुणाऱ्याला सांग. तर म्हणली, एक बारी सांगितलं, परत सांगता येईना अण्णा, त्यांना वाईट वाटंल. दुसरं काय करता येतंय ते सांगा. म्या जुन्या पेटीतला एक मळका स्पंज दिला तिला, मागच्या बाजूला लपवून ठिव म्हणून. पैसे घेतले न्हाईत. त्याच्यामुळंच तीन तरी राहिलेत."

फिल्टर पिशवीत घातला आन् मी परत निघाले. घरी येऊन पेटीच्या मागं हात घातला. काचेच्या कोपऱ्यात, दगडाआड, ह्यो एवढा मळका स्पंज. पोरीनं माझ्यापासनं लपवून ठिवलेला, माझी अब्रू झाकायला. मी खाली बसले आन् ते तीन मासे परत मोजले. लाज वाटली मला. आजवर कवा वाटली नव्हती तेवढी.

ऐतवारी सकाळी महांतेशचा फोन आला. तुळजा म्हणली, "तीनच राहिले हो. माझंच चुकलं."

तिकडनं तो हसला, मला ऐकू आलं. "मग झालं की. आता पुढल्या वर्सी बघू."

म्या तिच्या हातनं फोन घेतला. "महांतेशा, तिनं न्हाई मारले. म्या मारले. सोड्यानं फिल्टर धुवून धुवून म्या मारले. तिनं तर वाचवले. दिवाळीला ये आन् हिला घिऊन जा."

मला वाटलं, तो म्हणंल, व्हय अव्वा. तो म्हणला, "बरं… पण अव्वा, खोली लई बारकी हाय. पाण्याचे हाल हायत. आन् मासे तर मेलेच की."

मासे तर मेलेच की. ते त्यानं असं म्हणलं, जसं काय डोक्यावरचं वझं उतरलं. मी लोकरीच्या व्यापाऱ्यावर संशय घेतला, गुरुलिंगवर घेतला, पोटच्या पोरीसारख्या सुनेवर घेतला. माझ्या ल्योकाच्या तराजूकडं म्या एकदा बी बघितलं न्हवतं. ते मासे मरावेत असं ह्या घरात दोघांनाच वाटत होतं, एक मी आन् एक तो.

"दार उघडून ठिव," म्या म्हणलं. "उद्याच्या गाडीनं आमी दोघी यायलोत. खोली केवढी हाय ते मी माझ्या डोळ्यानं बघते." आन् फोन ठिवला.

तुळजा भिंतीला टेकून उभी होती. म्या म्हणलं, "लुगडी भर." ती म्हणली, "आन् मासे?"

सांजच्याला आमी दोघी तीन मासे बरणीत घिऊन गुरुलिंगच्या दुकानात गेलो. संगं फिल्टर, संगं तो मळका स्पंज. त्यानं मासे त्याच्या पेटीत सोडले आन् वही काढली, पावती लिवायला. मागच्या खेपेचं ध्यानात होतं त्याच्या.

"राहू दे पावती," म्या म्हणलं.

त्यानं तुळजाकडं बघून इचारलं, "परत कवा येणार मग?"

ती माझ्याकडं बघायला लागली. म्या रिकामी बरणी पिशवीत घातली आन् म्हणलं, "मी येते चार दिवसांनी. ती न्हाई."