डावा कौल

रितेशचं नाव निघालं की आमच्या वाडीत माणसं थुंकायची. त्यात सगळ्यात पुढे मी. मी महिपत, वाघजाईच्या देवळाचा गुरव. खोटं कशाला बोलू?

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत राबून उरलेल्या वेळात पोरांनी उभा केलेला आमचा कबड्डीचा संघ. रितेश त्यातला हुकमी एक्का. तो चढाईला गेला की समोरचे आपोआप मागे सरकायचे. गेल्या वर्षी जिल्ह्याची फायनल होती संगमेश्वरवाल्यांशी, आणि आदल्या दिवशीच हा मेला मुंबईच्या कंपनीत, त्यांच्या संघातून खेळायला हजर झाला. ग्रुपवर मेसेज काय, तर 'उद्या मी नाही, माफ करा.' तोंड दाखवायची हिंमत नाही! दोन गुणांनी हरलो. आमचा कप्तान गुरुप्रसाद, एवढा बाप्या, मैदानातच रडला.

पण नुसता हरल्याचा राग माणूस विसरतो. जायच्या दिवशी सकाळी रितेशने, जाऊ का म्हणून, देवीला कौल लावायला सांगितलं होतं आणि कौल डावा झाला होता. देवी नको म्हणाली तरी हा गेला, हे वाडीला खपलं नाही. गेल्या शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरली आणि त्याच्या आईचं, तुळसावहिनीचं घर तेवढं वगळलं. सडा-रांगोळी करून, पालखीवाल्यांच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन ती दारात उभी होती. आम्ही तिच्या अंगणासमोरून ढोल वाजवत पुढे गेलो.

यंदा शिमग्याला रितेश आला. पालखी निघायच्या तोंडावर, भर सभामंडपात त्याने आपली जुनी जर्सी आणि नारळ देवीपुढे ठेवला. आता सुचलं काय शहाणपण, असं मागून कोणीतरी बोललं. गुरुप्रसाद मुठी आवळून पुढे सरकला. रितेशने मान वर केली नाही.

"मला काय करायचं ते करा," तो म्हणाला. "पण आईच्या दारात पालखी जाऊ दे."

मानकऱ्यांनी ठरवलं, पुन्हा कौल लावायचा. उजवा झाला तर पालखी जाईल. डावा झाला तर त्या घरी पुन्हा कधीच नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी गाभाऱ्यात शिरलो. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या; उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गेल्या वर्षी इथे काय झालं होतं ते फक्त मला आणि वाघजाईला ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळीही गाभाऱ्यात मी एकटाच होतो. रितेश बाहेर उंबऱ्याशी डोळे मिटून उभा. पाकळी उजवीच पडली होती, अगदी स्वच्छ. आणि मी सांगितलं, डावी. बावीस वर्षं मी त्या मैदानाच्या कडेला घसा फोडला होता, मला तो कप हवा होता. म्हटलं, नोकरी काय, पुढच्या वर्षीही मिळेल याला. तो थांबला नाही. हरल्याच्या रागात कौलाची गोष्ट वाडीभर केली कोणी? मीच. खाई त्याला खवखवे म्हणतात, म्हणून शिव्याही मीच सगळ्यात मोठ्याने घातल्या.

पाकळ्या पडेनात. बाहेर ढोलवाले ताटकळले. गुरुप्रसादने विचारलं, काय झालं? उजवा म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग देवीचा शब्द मोडणारा म्हणून रितेश जन्मभर राहिला असता, आणि देवीच्या नावाने मी दुसऱ्यांदा खोटं बोललो असतो. मी दोन्ही पाकळ्या हाताने काढल्या. असं कोणी करत नाही.

बाहेर येऊन म्हणालो, "कौल गेल्या वर्षीच झालाय. उजवा झाला होता. मी खोटं सांगितलं."

रितेश माझ्याकडे बघतच राहिला. गुरुप्रसादने जर्सी उचलून त्याच्या खांद्यावर टाकली आणि पालखीच्या दांड्याला पहिला हात घालायला त्यालाच पुढे केलं.

मी मागून चालत गेलो. तुळसावहिनी तशीच दारात उभी होती. पालखी धरणाऱ्या एकेकाच्या पायांवर तिने पाणी घातलं, डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी आधीच धावत जाऊन तिला सांगितलं असणार. तांब्या माझ्या पायांपाशी आला आणि थांबला.

"भावोजी," ती म्हणाली, "वर्षभर मीसुद्धा त्याला शिव्या घातल्या. माझ्या पोराला."

उरलेलं पाणी तिने तुळशीत ओतलं आणि आत गेली.